कंसातले आवाज

४ मार्च

झिपरी बाकाच्या डाव्या बाजूला बसायची, मी उजव्या. मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं उरली की डब्यांची झाकणं लावायची आणि ती हाताला येईल ते वाचायला घ्यायची — कधी भूगोल, कधी धर्मशिक्षणाचं पुस्तक, एकदा तर टॉनिकच्या बाटलीवरच्या सूचना. मी लघुलिपीत उतरवून घ्यायची. दहा शब्द, मग एक श्वास. पुन्हा दहा शब्द. सिस्टरनी बजावलं होतं, सांगणाऱ्याने घेणाऱ्याच्या हाताकडे बघावं. ती बघायची. माझा हात मागे पडला की खोटं खोटं खोकायची, म्हणजे मला सावरायला वेळ मिळे.

आज हे आठवलं ते भाचीमुळे. धाकट्या बहिणीची मुलगी, पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज जवळ म्हणून माझ्याकडेच राहते. सकाळी विचारते, "मावशी, तुझी ती रेघोट्यांची भाषा येते का गं अजून?"

येते का! एकतीस वर्षं कोर्टात दुसरं केलं काय मी?

तिला प्रकल्प करायचाय. बंदी घातलेल्या जहाल गटांवर. "सगळे त्यांच्याबद्दल लिहितात, मावशी. त्यांच्याशी कुणी बोलतच नाही." मुलाखती ती आणणार, मी कागदावर उतरवायच्या. मी हो म्हटलं. निवृत्त झाल्यापासून कुणी मला काही लिहून मागितलं नव्हतं.

११ मार्च

दोन गटांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पहिल्यातल्या एकाने तिला चहाच्या दुकानात दोन तास ताटकळत ठेवलं, मग स्वतःच तासभर प्रश्न विचारले. "मुलाखत माझीच झाली, मावशी. नोकरी तेवढी नाही दिली." दुसऱ्याने विचारलं, फोटो हवा की म्हणणं? ही म्हणाली, म्हणणं. तर त्याचा चेहरा पडला. "नवा शर्ट घालून आला होता गं बिचारा."

पोट धरून हसलो दोघी.

धाकटीचा फोन आला. म्हणे, "तूच फूस लावतेस तिला." मी म्हटलं, मी फक्त जेवायला वाढते.

१९ मार्च

मिळाली! म्हातारी बाई आहे. कित्येक वर्षं लपून राहिलेली, आता खूप आजारी. जायच्या आधी बोलायचंय म्हणाली. अटी तीन — नाव नाही, फोटो नाही, जागेचा पत्ता लागेल असं काही नाही. काचा झाकलेल्या गाडीतून नेलं, तसंच आणून सोडलं. कुठे नेलं होतं ते पोरीलाच ठाऊक नाही. रेकॉर्डरसुद्धा त्यांचाच, टेप तेवढी हिच्या हाती दिली.

"मी शब्द दिलाय, मावशी." हे सांगताना आवाज असा होता की मला तिची आजी आठवली.

२२ मार्च

आज ऐकायला बसले. आवाज घोगरा, ओळखू येईना. बाई संथ बोलत होती. तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं की माझा हात एकदाही मागे पडलेला नाही. दहा शब्द, मग एक श्वास. पुन्हा दहा शब्द.

मग ती खोकली. हा खरा खोकला होता, छातीतून आलेला. तरी ओळखला.

यंत्र बंद केलं. चहा टाकला आणि तो आटून गेला.

कॉलेज संपता संपता झिपरी त्या लोकांबरोबर निघून गेली, त्यानंतर तिचं नाव कुणी काढलं नाही. तिच्या आईने दारावरची पाटी बदलली होती. मीही कोर्टात लागताना "अशा कुणाशी ओळख आहे का?" या प्रश्नापुढे "नाही" लिहिलं होतं.

भाचीला सांगणार नाही. कुणालाच नाही.

२६ मार्च

संपलं. टंकलेली बावीस पानं. कोर्टात करायची तसंच केलं, जे ऐकू येईल ते सगळं. शब्द नसेल ते कंसात. (साक्षीदार गप्प राहतो.) (साक्षीदार पाणी मागतो.) साहेब म्हणायचे, बाईंच्या कंसांवर आरोपी सुटलेत. इथेही — (लोखंडी जिन्यावर पावलं.) (बर्फाच्या कारखान्याचा भोंगा.) (शाळेची घंटा, मुलांचा गलका.)

चौदाव्या पानावर थोडं वगळलं. कामाचं नव्हतं.

पोरगी गळ्यात पडली. "मावशी, तू सोनं आहेस सोनं." सरांना प्रकल्प उद्याच हवा आहे, सोबत पूर्ण संभाषण जोडून. तिने वर स्वतःचं नाव घातलं, सुईदोऱ्याने पानं शिवली आणि पळाली.

९ एप्रिल

प्रकल्प पहिला आला. विभागाच्या वाचनालयात ठेवलाय, कुणीही काढून वाचावा. आम्ही दोघी सिनेमाला गेलो. मध्यंतरात ती म्हणाली, "ती बाई ना मावशी, बोलताना सारखी माझ्या हाताकडे बघत होती."

मी पदर सारखा केला.

१७ एप्रिल

झिपरी सापडली.

१८ एप्रिल

बर्फाचा कारखाना आणि शाळा समोरासमोर असलेली गल्ली अख्ख्या शहरात एकच. त्या गल्लीत बाहेरून लोखंडी जिना असलेलं घरही एकच.

भाचीला चौकीत बोलावलं होतं. अधिकाऱ्याने वाचनालयातली प्रत पुढे सरकवली. कंसांखाली लाल रेघा. "छान टंकलंय," म्हणाला. "आम्हाला फारसं फिरावं नाही लागलं."

कोणी टंकलं, हे विचारलं त्याने. ही म्हणाली, "मीच."

घरी आली ती चपलांसकट खुर्चीत बसली. "मी वाचून बघायला हवं होतं. घाईत होते. न वाचता शिवलं मी ते." मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. "तुझा काय दोष, मावशी? तू सवयीने लिहिलंस. तुला थोडंच ठाऊक होतं ती कोण!"

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

२५ एप्रिल

कॉलेजने तिला काढलं नाही, पण तिनेच अर्ज लिहिलाय — शिक्षण सोडत असल्याबद्दल. टेबलावर आहे, सही व्हायची आहे. पुस्तकं खोक्यात भरली. "ज्याला शब्द पाळता येत नाही त्याने दुसऱ्याचे शब्द घेऊ नयेत," म्हणते. धाकटी फोनवर म्हणाली, बरंच झालं, आता बँकेच्या परीक्षा देईल.

जेवत नाही पोर. उष्टं ताट रोज मीच उचलते.

२ मे

पेपरात आतल्या पानावर चार ओळी. ताब्यात असलेली वृद्धा रुग्णालयात वारली. दोन दिवस शवागारात आहे, कुणी आलेलं नाही. न्यायला येणाऱ्याने नाव, पत्ता आणि मयताशी असलेलं नातं लिहून द्यायचं. मैत्रीण चालत नाही, फोन करून विचारलं मी. नातेवाईकच लागतो. आणि येईल त्याची चौकशी होणार, तेही तिथल्या कारकुनाने आवाज खाली आणून सांगितलं. भला माणूस असावा.

उद्यापर्यंत कुणी आलं नाही तर बेवारस म्हणून लावतील विल्हेवाट. मी त्याला विनवलं, परवापर्यंत थांबा.

तिची नखं नेहमी स्वच्छ असायची. रांगेत सिस्टर तपासायच्या तेव्हा ती माझ्या बोटांवरची शाई आधी आपल्या रुमालाने पुसायची, मग स्वतःचे हात पुढे करायची.

३ मे

खरं लिहायचं तर इथे तरी लिहावं.

ती बावीस पानं मी सवयीने नाही लिहिली. दोनदा वाचली. एकदा चुकांसाठी, एकदा माझ्यासाठी — माझ्यापर्यंत पोचेल असं काही राहिलंय का, ते बघायला. राहिलं होतं. ते काढलं. तेच डोळे भोंग्यावरून गेले, घंटेवरून गेले, जिन्यावरून गेले आणि कुठेच अडले नाहीत. उलट मनात आलं, किती नीटनेटकं झालंय.

मला लपवण्यापुरती मी सावध होते. भाची समजते मावशी भोळी आहे.

चौदाव्या पानावर भाचीने विचारलं होतं, मागे सोडलेल्यांपैकी कुणाची आठवण येते का? झिपरीचं उत्तर लघुलिपीच्या वहीत आहे. इथे सरळ लिपीत उतरवते:

"शाळेत एक होती. माझं सगळं बोलणं तिने लिहून घेतलंय, भूगोलसुद्धा. पुढे मी इतक्या सभांतून बोलले, पण तिच्याइतकं नीट कुणी ऐकलं नाही. ती कोर्टात लागली असं कळलं होतं. वाटायचं, एक दिवस मला तिथे उभं करतील आणि समोर लिहायला तीच बसलेली असेल. मग मी हळू बोलेन."

४ मे

नऊला निघते. शवागार दहाला उघडतं. यायला किती दिवस लागतील सांगता येत नाही, म्हणून —

किल्ली खालच्या शिंपीणबाईंकडे. कुंड्यांना त्या पाणी घालतील, त्यांना आधीच सांगितलंय. आईचं घड्याळ धाकटीला. रोज किल्ली द्यावी लागते, ती विसरेल, तरी तिलाच. कोर्टातल्या माझ्या वह्या रद्दीत, वाचणारं कुणी उरलेलं नाही. शाळेतली एक वही मात्र सोबत नेते. तिच्या उशाशी ठेवायला देतात का बघते. पेन्शनचे कागद निळ्या पिशवीत. पेन्शन चालू राहिलीच तर पोरीच्या फीला.

नात्याच्या रकान्यात बहीण लिहीन. आणि चौकीत सांगीन की टंकलं मी.

ही वही भाचीला. आधी वाच, मग त्या अर्जावर सही करायची की नाही ते ठरव. शब्द तू मोडला नाहीस, बाळा. चौदाव्या पानानंतर तिचं ते वगळलेलं उत्तर शिवून टाक. आणि मी परत आले की पहिली मुलाखत माझी घे.

मी हळू बोलेन.