बाबांचा डावा इंडिकेटर

१२ जानेवारी, सोमवार

गाडी आली! दिसायला साधी पांढरी, पण दांडीला हात न लावता इंडिकेटर देते. रोजची वळणं शिकून घेते म्हणे, आणि वळण जवळ आलं की आपली आपणच टिकटिक सुरू. असल्या गाड्या रस्त्यावर येऊ द्यायच्या का, दिल्या तर कुठल्या अटींवर, हे आमची समिती ठरवणार. म्हणजे मसुदा मी लिहिणार आणि सही केयूर सर करणार.

चाचणीसाठी त्यांना इंडिकेटर न देणारा चालक हवा होता. कुठे मिळेल, म्हणून सर काळजीत. माझ्या तर घरातच आहे – आमचे बाबा! "आपण कुठे वळणार हे अख्ख्या मुलुंडला कशाला सांगायचं?" हे त्यांचं तत्त्व. फार झालं तर खिडकीतून हात काढतात, तोही गाडी अर्धी वळल्यावर.

आईने किल्लीसाठी दाराजवळ खिळा ठोकला. उत्साह बघा.

१३ जानेवारी

बाबा भाजी आणायला गाडी घेऊन गेले. भाजीवाला खाली कोपऱ्यावर बसतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज बाबांच्या शेजारी बसले. एलबीएस रोडवर, सोनापूर सिग्नलच्या जरा अलीकडे, एकदम डावी टिकटिक. बाबा मात्र सरळ! गल्लीतून एक स्कूटरवाली आमच्या लाइटवर विश्वास ठेवून बाहेर आली. बाबांनी ब्रेक मारला म्हणून वाचली. तिने हेल्मेटची काच वर करून सुनावलं, "काका, वळायचं नाही तर लाइट कशाला मारता?"

आयुष्यात पहिल्यांदा इंडिकेटर दिला, तर त्यावरून बोलणी खाल्ली.

१९ जानेवारी, सोमवार

गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, गाडी तिथे रोज दुपारी वळते. उगाच नाही शिकली."

घरी येऊन विचारलं. बाबा म्हणाले, "दुपारी मी झोपतो. खुळी आहे तुझी गाडी."

आता पंचाईत. बाबा खरं बोलत असतील तर गाडी खोटा इशारा देते, आणि उद्या कुणी स्कूटरवाली जिवानिशी जाईल. गाडी खरी असेल तर – बाबा ऊर्फ अनंतराव, दुपारी कुठे जाता?

खरं सांगायचं तर मला भयंकर मजा येतेय.

२० जानेवारी

आईला सांगितलं. वाटलं, हसण्यावारी नेईल. कसलं काय! जेवताना कारलं वाढत म्हणाली, "काय हो, त्या गल्लीत काय आहे?"

"मला काय माहीत?"

"गाडीला माहीत आहे, तुम्हाला नाही?"

बाबांनी कारलं मुकाट्याने खाल्लं. ते कधीच खात नाहीत. म्हणजे नक्की पाणी मुरतंय.

२१ जानेवारी, बुधवार

तर्क चालू आहेत. मिसळ? डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय. पत्त्यांचा अड्डा? की कुणी बाई? आईला हे शेवटचं बोलून दाखवलं, तर तिला हसता हसता ठसका लागला. म्हणाली, "त्यांना? बरं होईल. जरा इस्त्रीचे शर्ट तरी घालतील."

संध्याकाळी बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. "नाही चालवत मी. आरसासुद्धा रोज कुणी तरी हलवतं." आई आतून, "वय झालं की असं वाटतं हो."

२२ जानेवारी, गुरुवार

केयूर सरांना सोमवारी उत्तर हवंय. "गाडी नापास की चालक नापास? एक काहीतरी लिही ना यार."

कंपनीने पाठवलेली वळणांची नोंद माझ्यासमोर आहे. बाबांकडे नुसता शब्द. लिहिलं – 'चालकाने दिलेली माहिती विश्वासार्ह नाही.' लिहून झाल्यावर बाबा पाणी प्यायला आले आणि खुर्चीमागे थांबले. वाचलं असणार.

"मला खोटारडा ठरवणार का गं?" एवढंच बोलले. मजा गेली सगळी. मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

किल्ली खिळ्यावर परत अडकवली. उद्या काय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघते.

२३ जानेवारी, शुक्रवार

अर्धी रजा टाकली. सोसायटीच्या गेटसमोर रिक्षात दबा धरून बसले. दुपारी गाडी निघाली. आम्ही मागे. सोनापूरच्या अलीकडे डावी टिकटिक, आणि गाडी बिनचूक डावीकडे. माझा रिक्षावाला इंडिकेटरऐवजी पाय बाहेर काढून मागोमाग वळला. गल्लीत एका बिल्डिंगखाली गाडी थांबली. रागारागाने जाऊन काच ठोठावली.

काच खाली आली. स्टीअरिंगवर आई! शेजारचं दार उघडून तिची शाळेतली मैत्रीण शकुमावशी आत बसत होती, गॉगल लावून.

"लायसन्स आहे माझं, दिवाळीपासून," आई म्हणाली. "उगाच डोळे मोठे करू नकोस."

"आणि बाबांना छळलंस ते?"

"चाळीस वर्षं 'तुला नाही जमायचं' ऐकलं मी. त्यांनी चार दिवस ऐकून घेतलं तर काय झालं?"

म्हणजे गाडीने आईची सवय शिकून बाबांच्या नावावर खपवली. अट सापडली – हातात स्टीअरिंग कुणाच्या आहे ते ओळखता येत नसेल, तर इशारा द्यायचा नाही. कालचं वाक्य खोडणार. पण बाबा?

"त्यांना कधी सांगणार?"

"संध्याकाळी. फिरवून आणते त्यांना." मग आरसा स्वतःकडे वळवत म्हणाली, "मागे बसतो म्हणाले, तरी पुढेच, माझ्या शेजारी बसवणार."