दोऱ्याच्या रिळाचा राजा

१६ जानेवारी १९७२, रविवार

एलियादादाची खोली आज उघडली. संगमनेरच्या फेरीला एक पट कमी पडतोय, म्हणून त्याचा बुद्धिबळाचा जुना डबा हवा होता. दादा गेल्यापासून चार वर्षांत कुलूप तिसऱ्यांदा निघालं असेल.

डब्यात हात घातला आणि पहिल्यांदा तोच लागला — दोऱ्याच्या रिळाचा राजा! एकदम ती दुपार समोर आली. मी आठ-नऊ वर्षांची, दादा बारा-तेराचा. आईनं आम्हाला शेंगा फोडायला ओट्यावर बसवलेलं आणि आम्ही मध्ये पट मांडलेला. एक मूठ शेंगा, एक चाल — आईशी तसा करारच होता. पांढरा राजा कधीच हरवलेला. दादानं आईच्या शिवणाच्या डब्यातलं रिकामं रीळ उभं केलं, शाईनं त्याला मिशा काढल्या. बाकी त्या दुपारी काहीच घडलं नाही. कोण जिंकलं तेही आठवत नाही. ऊन ओट्यावर आलं तशी आई म्हणाली, "उठा आता, राजांनो." एवढंच.

मिशा अजून आहेत. फिकट झाल्यात.

२४ जानेवारी

संगमनेरची फेरी पार पडली! डिसेंबरात लढाई सुरू झाली म्हणून पुढे ढकलली होती, ती काल झाली. ऑगस्टपासून नगर, घोडेगाव, जामखेड आणि आता संगमनेर. प्रत्येक गावी पाच डाव. जिंकला तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा. आता नगरला शेवटची फेरी, की वर्षाची बेरीज. आप्पासाहेबांनी ही स्पर्धा काढली तेव्हा म्हणाले होते, "बाई, तुम्ही पंच व्हा. तुमच्यासमोर पोरं गडबड करायची नाहीत." पस्तीस वर्षं शिकवलं त्याचा एवढा तरी उपयोग!

तक्ता स्वच्छ लिहून काढला. मार्था पंधरा. मालन चौदा. बाकीची मुलं खूप मागे.

मार्था म्हणजे दादाची नात. बाप — माझा भाचा यशया — संगमनेरला शिक्षक. मालन घोडेगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. तिचे आजोबा सहादेव गुरांच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवून देतात. गिऱ्हाईक येईतो तिथं झाडाखाली पट मांडलेला असतो, पोर तिथंच शिकली.

पहिल्या दोघांना इथल्या, नगरच्या आमच्या जुन्या शाळेत प्रवेश, आणि पहिल्या येणाऱ्याला वसतिगृहात जागा. मोठ्या बाईंनी लेखी दिलंय. तो नको म्हणाला तर दुसऱ्याला. जागा एकच आहे.

मार्थाला गावातच शाळा आहे. मालनची वस्तीवरची शाळा सातवीला संपते, आणि ती यंदा सातवीत आहे. काल सहादेवांना सहज विचारलं, पुढे काय? म्हणाले, "फुडं काय! वसतिगृह घावलं तर शिकंल. न्हाईतर एवढ्या लांब एकटी पोर कोन धाडतंय? घरी बसंल."

मालन ऐकत होती. माझ्याकडे बघून नुसती हसली.

९ फेब्रुवारी

देवा, हे काय करून बसले मी!

शेवटच्या फेरीसाठी मुलांना नियमांचा एक कागद लिहून द्यावा म्हणून आप्पासाहेबांनी पुण्याहून आणलेलं नियमांचं पुस्तक वाचायला घेतलं. नीट, पहिल्यापासून. इतके महिने चाळलंच होतं फक्त — मला येतंच की सगळं, हा तोरा!

त्यात लिहिलंय: नियमाबाहेरची चाल झाली तर ती मागे घ्यायची, त्याच सोंगटीनं बरोबर चाल करायची आणि डाव पुढे चालू ठेवायचा.

चालू ठेवायचा. आणि मी ऑक्टोबरात घोडेगावला काय केलं?

मालनचा राजा कोपऱ्यात अडकला होता. तिनं त्याला उचलून घोड्यासारखं अडीच घरं उडवलं. मी म्हटलं, ही चाल चूक. पोर घाबरली. "आमच्यात राजा एकडाव घोड्यावानी उडतो बाई, शह बसायच्या आदी. मी इसरले." सहादेव मागून हसले, "बाई, तुमचा राजा लई सोवळ्याचा दिसतोय!" आणि मी — मी डाव थांबवला. मालन हरली, म्हणून जाहीर केलं. सोंगट्या डब्यात.

समोर कोण होती? मार्था. माझ्या भावाची नात.

हा नियम मी आणला कुठून, तेही आता कळलं. कॉन्व्हेंटमधून! आमच्या सिस्टर पावसाळ्याच्या संध्याकाळी बुद्धिबळ शिकवायच्या. चुकीची चाल केली की ती मुलगी हरली, सोंगट्या डब्यात, आणि आपण उठून भिंतीशी उभं राहायचं. ती सिस्टरांच्या वर्गाची शिस्त होती. मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिलाच खेळाचा नियम समजत आले.

१० फेब्रुवारी

आणखी एक आठवलं, लिहूनच टाकते. कॉन्व्हेंटमधून पहिल्यांदा मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा दादाच्या रिळाच्या राजानं अशीच उडी मारली होती. आमच्या घरातही तीच पद्धत, देशी. मी म्हटलं, "सिस्टरांच्या नियमानं तू हरलास." आणि सोंगट्या डब्यात भरल्या. दादा म्हणाला, "बरं बाई, हरलो." त्यानंतर त्यानं मला खेळायला कधी बोलावलं नाही. मला वाटायचं, मोठा झाला म्हणून.

११ फेब्रुवारी

आप्पासाहेबांकडे जाऊन आले. त्यांना सगळं सांगितलं. चष्मा पुसत बसले.

"कुणी तक्रार केली?"

"नाही."

"मग कशाला उकरून काढता? लोक आधीच म्हणतात, पंचबाईंची नात पुढे आहे. आता हे सांगा, म्हणजे झालंच!"

"म्हणूनच सांगायला हवं ना?"

"बाई, थोडं थांबा. शेवटच्या फेरीत मालन तीन-चार गुणांनी मागं पडली, नाहीतर पुढं गेली, तर त्या एका गुणाला काय अर्थ राहतो? आपोआप मिटेल."

मी हो म्हटलं. घरी येताना वाटेत लाज वाटली, तरी परत फिरले नाही.

१५ फेब्रुवारी

जेवण जात नाही. मार्थाचं पत्र आलं — "आजी, या वेळी मी एकही चाल लिहायची विसरणार नाही." ही पोर प्रत्येक डाव वहीत उतरवते. बापाची सवय.

२० फेब्रुवारी, रविवार

आत्ताच लिहायचं आहे.

पाच डावांत मार्थाला चार गुण, मालनला चार गुण. एकूण एकोणीस आणि अठरा. बरोब्बर एका गुणाचा फरक! आप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आपोआप काही मिटत नाही.

बक्षिसाची ढाल टेबलावर, मोठ्या बाई खुर्चीत, मुलं ओळीनं बसलेली. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. घोडेगावचा निकाल मी चुकीचा दिला. चूक मालनची थोडी आणि माझी फार. तो गुण कुणाचाच नाही.

सभागृहात मागून कुणीतरी — "आता आठवलं होय?" बरोबरच आहे त्याचं.

सहादेव उठले. मला वाटलं आता ऐकावं लागणार. म्हणाले, "बाई, बैलाचा सौदा मोडला तर बैल परत दावणीला बांधत्यात. डावाचं तसंच करा की. हुता तिथं नेऊन बांधा."

म्हणजे डाव उडीच्या आधीच्या चालीवर मांडायचा. पण चार महिन्यांपूर्वीचा डाव आठवतोय कुणाला? "मला ठावं हाय," मालन म्हणाली. पुढे आली आणि एकेक सोंगटी ठेवत गेली, जणू सकाळीच अर्धवट सोडलेला डाव. मार्थानं वही काढली. सगळं जुळलं, फक्त मालनचं एक प्यादं एक घर पुढे होतं. वहीत ते मागं होतं.

मी म्हटलं, वही प्रमाण.

मार्था वहीत डोकं खुपसून बसली. बोट ठेवून मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाली, "आजी, मालनचं बरोबर आहे. इथं माझ्या दोन चाली ओळीनं लिहिल्यात. मधली तिची मी लिहिलीच नाही."

तेरा वर्षांची पोर! स्वतःच्या विरुद्ध! यशया भिंतीशी उभा होता, त्यानं डोळे पुसले. मी नाही पुसले, मी पंच होते.

घोडेगावची शेवटची गाडी साडेसहाला. पावणेपाचला डाव सुरू झाला. मालननं राजाला धरून निमूट एक घर मागं घेतलं. ती सुटली त्या कोपऱ्यातून! मग कितीतरी वेळ कुणाचं काही चालेना. शेवटी मार्थाचं एक प्यादं निसटलं, उंटाच्या घरातून पार शेवटापर्यंत गेलं आणि वजीर झालं. मालन हरली.

पटाकडे बघत म्हणाली, "आमच्यात ते उंटच झालं असतं गं! ज्या घरात जाईल तेच व्हतं. मंग दावलं असतं तुला." आणि दोघी हसायला लागल्या. हसायला!

सहादेव काठी घेऊन उठले. "हारली ती हारली. पर खेळून हारली, बाई." जाताना मला हात जोडले. साडेसहाची गाडी मिळाली त्यांना.

२१ फेब्रुवारी

रात्री अशी झोपले की सकाळी दूधवाला हाका मारून थकला. तक्त्यात एक आकडासुद्धा बदलला नाही, तरी सगळा तक्ता नवा वाटतोय. तो गुण आता मार्थाचाच आहे. सकाळी भाकरी आणि पिठलं — दोन वेळा वाढून घेतलं!

२६ फेब्रुवारी

हलकं वाटतं, आणि मग मालन आठवते. मोठ्या बाईंना विचारून पाहिलं. "जागा एकच, मरियाबाई. दुसरी खाट मावत नाही." खोटं नाही, मी पाहिलीय खोली.

माझ्या चुकीची शिक्षा मला झाली नाही. तिला मात्र झाली, असंच वाटतं. उडीमुळे नव्हे — पोर म्हणून, वस्तीवरची म्हणून.

४ मार्च

यशयाचं पत्र. त्यात मार्थाची चिठ्ठी, वहीच्या कागदावर:

"आजी, मला वसतिगृह नको. तिथं साडेआठला दिवा बंद करतात. मी तुमच्याकडे आजोबांच्या खोलीत राहून शाळेत येईन. पप्पा हो म्हणाले. कुलपाचं तुम्ही बघा. नियम असा आहे ना, की पहिली नको म्हणाली तर दुसरीला जागा? वाचून खात्री करा. या वेळी नीट वाचा."

नीट वाचलं. तसाच आहे.

५ मार्च, रविवार

वसतिगृहातली खाट — मालनला. मोठ्या बाईंना चिठ्ठी आजच दिली. सहादेवांना सांगायला उद्या पहिल्या गाडीनं मी स्वतः जाणार.

दादाची खोली, टेबल आणि खिडकीकडचा कंदील — मार्थाला. कुलूप भंगारवाल्याला.

नियमांचं पुस्तक परत आप्पासाहेबांना. पंचाची शिट्टीही त्यांनाच.

दादाचा पट आणि डबा दोघींना मिळून. रविवारी मालन जेवायला इथंच येईल. मात्र रिळाचा राजा एकट्या मालनचा. आमच्या घरी त्यानं एकदा उडी मारली तरी चालेल.