शनिवारचा चुना

स्वोर्ड्स
उत्तम शुक्रवार, १० एप्रिल २०२०

चि. मृणालिनी हिस,
ख्रिस्तात अनेक आशीर्वाद.

फोन असताना पप्पा पत्रं कसली लिहितात, असं तुझा भाऊ नरेश विचारतो. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्रात तुला ती सोय नाही.

नरेशकडे इथे परदेशी सहा आठवड्यांसाठी राहायला आलो आणि विमानंच थांबली. सत्तरीपुढच्यांनी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा इथला हुकूम आहे. नगरला तुझी आई एकटी, पण फोनवर आवाज तिचाच खणखणीत. नात श्रावणी मला इथलं इंग्रजी शिकवते. कपाटाला म्हणे 'प्रेस' म्हणायचं. मग छापखान्याला काय म्हणता, असं विचारलं तर आजोबांना काही कळत नाही असं तोंड करून निघून गेली.

यंदा ईस्टर नाही, असं लोक म्हणू लागलेत आणि माझं डोकं तापतं. चर्चला कुलूप लागलं म्हणून ईस्टर नाही? पहिल्या ईस्टरला तरी कुठे मंडळी जमली होती? शिष्य भीतीने दारं लावून बसले होते, आपल्यासारखेच. ईस्टर म्हणजे रंगवलेली अंडी नव्हेत आणि वसंताचा उत्सवही नव्हे. मेलेला माणूस उठला, एवढंच त्यात सांगितलं आहे. ते खरं असेल तर सगळं बदलतं. खोटं असेल तर सुट्टी घ्या आणि झोपा. मधली वाट मला कुणी दाखवू नये. रविवारी नगरच्या मंडळीला फोनवरून हेच ऐकवणार आहे.

आपल्या घरचा रिवाज मोडायचा नाही. ईस्टरच्या पहाटे आधी उठेल त्याने अर्धा भाग म्हणायचा, आणि समोरच्याने उरलेल्या अर्ध्याने उत्तर दिल्याशिवाय त्याला चहा नाही. माझा अर्धा भाग लिहितो : प्रभू उठला आहे. आज शुक्रवार आहे हे ठाऊक आहे, पण टपालाला दिवस लागतात. तुझा अर्धा उलटटपाली पाठव.

वॉर्डात जपून राहा. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे पप्पा,
पुरुषोत्तम


वॉटरफोर्ड
२० एप्रिल २०२०

ती. पप्पांना,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर लिहिता येत नव्हतं.

ईस्टरच्या सकाळी मी कामावर होते. माझ्याकडच्या मिसेस पॉवर जाणार हे आदल्या दिवशीच कळलं होतं. भेटायला कुणाला सोडत नाहीत. त्यांची मुलगी गाडी घेऊन खाली पार्किंगमध्ये थांबली होती आणि भलत्याच खिडकीकडे बघत होती. मी आमच्या खिडकीचा पडदा दोनतीनदा वरखाली केला, तेव्हा तिला खोली कळली. तिने हात वर केला, तो शेवटपर्यंत खाली घेतला नाही. मिसेस पॉवर गेल्या तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता आणि माझ्या हातात मोजा होता. घरी आले आणि नंतर तुमचं पत्र आलं.

पप्पा, रागावू नका, पण तुम्ही शुक्रवारी बसून रविवार लिहिलात. मधला शनिवार, प्रभू कबरीत होता तो, टपालात गेला. ईस्टरच्या आदल्या शनिवारी आई काय करायची आठवा. चुन्याचा डबा आणि कुंचा घेऊन कबरस्थानात जायची, आणि आपल्या माणसांच्या कबरी झाल्या की ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांच्याही रंगवायची. पहिल्या ईस्टरच्या पहाटे बायका प्रभूच्या कबरीकडे गेल्या त्या चमत्कार बघायला नव्हेत. प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायचं राहिलं होतं, ते काम उरकायला गेल्या. दारं लावून बसले होते ते पुरुष.

मी अजून शनिवारातच आहे. म्हणून माझा अर्धा भाग लिहीत नाही. खोटं लिहून तुमच्याकडून चहा उकळायचा नाही.

गोळ्या वेळेवर घ्या. नरेशला छळा, पण बेताने. असेच रागावत राहा, ते मला लागतं.

तुमची,
मृणालिनी


स्वोर्ड्स
२१ फेब्रुवारी २०२१

चि. मृणालिनी हिस,
अ. आ.

सप्टेंबरपासून तुला लिहिलं नाही. फोनवर रोज बोलतो, पण ते बोलणं गोळ्यांचं आणि हवेचं असतं.

तेव्हा प्रभा गेली आणि विमान मिळण्याआधीच सगळं आटोपलं, मी इथेच अडकलो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार माणसांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली तुझी आई खाली सोडली. तिला अंघोळ नाही, लग्नातली साडी नाही. गावभरच्या मयतांना हिने अंघोळी घातल्या, आणि हिच्या अंगाला पाण्याचा थेंब लागू नये?

नगरची मंडळी म्हणते, ईस्टरचा संदेश फोनवरून तुम्हीच द्या. मी नाही म्हणून कळवलं आहे. माझा विश्वास उडाला, असं नरेशला वाटतं. त्याला काय कळतं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यावर माणूस इतका चिडत नाही. मी देवाशी भांडलो आहे आणि मी बोलत नाही. यंदा माझ्याकडून अर्ध्या भागाची वाट पाहू नकोस.

तू तरी लिहीत जा.

पप्पा


वॉटरफोर्ड
२५ मार्च २०२१

ती. पप्पांना,
सप्रेम सलाम वि. वि.

तुमच्या मायन्यातून 'ख्रिस्तात' हा शब्द गेलेला दिसला. भांडणात मी पडणार नाही, दोघंही माझ्यापेक्षा मोठे आहात.

नगरहून उर्मिलामावशीचा परवा फोन आला होता. आईला अंघोळ घालता आली नाही, हे तिलाही अजून झोपू देत नाही. मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

इथे माणूस गेलं की जेवढं करू देतात तेवढं मी करते. तोंड पुसते, केस विंचरते. मिसेस पॉवरचेही विंचरले होते. तेव्हा वाटायचं, दुसरं कुणी नाही म्हणून मी करते. आई गेल्यावर आठच दिवसांनी एक आजोबा गेले. त्यांचा भांग पाडताना तो वाकडा झाला, म्हणून मी पुन्हा पाडला. मग माझं मलाच नवल वाटलं. कुणासाठी? झाकण लागणार, कुणी बघणार नाही. संपलेल्या वस्तूचा भांग कुणी पाडत नाही, पप्पा. या माणसाला अजून कुठेतरी जायचं आहे, असं माझ्या हातांनी गृहीत धरलं होतं. डोकं मागून आलं.

आई चुना लावायची तेव्हा तिच्या हातांनीही तेच धरलेलं असणार. माझा ईस्टर तुमच्यासारखा गर्जत आला नाही. काम करता करता कधी आला ते कळलंच नाही.

म्हणून या वेळी आधी मी लिहिते : प्रभू उठला आहे.

तुमचा अर्धा केव्हाही पाठवा. नाही पाठवलात तरी मी तुमचीच, आणि तुम्ही माझे असा.

मृणालिनी


स्वोर्ड्स
४ एप्रिल २०२१

चि. मृणालिनी हिस,

तुझं पत्र वाचून दोन दिवस खोलीचं दार लावून बसलो. नरेश घाबरून डॉक्टरला फोन करायला निघाला होता.

काल शनिवारी त्याला म्हटलं, मला चुना आणि कुंचा हवा. तो म्हणाला, पप्पा, इथल्या जुन्या कबरींना चुना फासलात तर आपल्या दोघांना धरून नेतील. मग बादली, पाणी आणि जुनी फडकी घेतली. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला अजून बंदी आहे, पण तेवढ्यात एक जुनं कबरस्थान आहे. तिथे कोपऱ्यात एक दगड गवतात बुडाला होता. गवत उपटलं, दगड पुसला. नाव पावसाने धुऊन नेलं होतं. 'अमक्याची बायको' यातलं 'बायको' एवढंच वाचता येत होतं.

मी तिथेच बसलो आणि हाताने चाचपून अक्षरांतली माती काढत राहिलो. प्रभेला घालता आली नाही ती अंघोळ त्या दगडाला घातली. देवाला जे बोलायचं होतं ते सगळं बोललो, मोठ्याने, मराठीत. त्याने ऐकून घेतलं. मध्ये अडवलं नाही.

कुत्रा घेऊन आलेला एक म्हातारा लांब उभा होता. माझं रडणं थांबेपर्यंत थांबला आणि मग विचारलं, ही तुमच्यातली का. मी हो म्हणालो. त्याने टोपी काढली, ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या आणि गेला.

आज पहाटे नगरच्या मंडळीला फोन लावला. संदेश दिला नाही. तुझी आई शनिवारी काय करायची तेवढं सांगितलं. उर्मिला म्हणाली, काल ती डबा आणि कुंचा घेऊन गेली होती. प्रभेची कबर आता पांढरी आहे, शेजारच्या दोन बेवारशीही.

ख्रिस्तात अनेक आशीर्वाद. वर लिहायचे राहिले, इथे घे.

खरोखर उठला आहे.

आता माझा चहा ठेव. रस्ते खुले झाले की प्यायला येतो.

तुझे पप्पा