तव्याची मागची बाजू

गोरेगाव, दिवाळी १९५६

मंगले, माझ्या लहान्या बहिणी,

जावयानं मले चाबीचा फोनो दिला. तवापासून गोंदियाच्या बाजारात कोणी घेत नाही ते गाण्याचे तवे मी उचलून आणते. तूही आयक म्हणून सांगते. एक बासरीचा आहे. त्याचं नाव उंदरानं खाल्लं, पण सूर शाबूत आहे. दुसरा भजनाचा. मधातच बुढा खोकलते, पण काय गोड खोकलते! आमचे हे, तुझे भाटवे, म्हणतात, "बुढे, लोकाईचा कचरा कायले जमा करून राहिली?" म्हटलं, "तुम्हालेबी मीच पसंत केलं होतं."

तिसरा तवा तुझा निघाला, पोरी. वर 'मिस मंगला, नागपूर' लिहिलं होतं, तर मी ओळखलंच नाही. पुढच्या बाजूचं नाटकी गाणं ठीकच. मागं जात्यावरची ओवी आहे. दळताना आपण माहेरच्या माणसाईचं नाव घालतो ना, तसं तू घातलं:

"बांधीमंदी रोवणा रोवे, देवका माझी ताई." चिखलात धानाची रोपं लावणारी ते देवका म्हणजे मीच.

तू गाण्याच्या पार्टीसंगं गेली, तेव्हा बाबानं घरात तुझं नाव घ्यायची मनाई केली. तीस वर्षं दळताना मी तुझी ओवी गिळली. तू माझी नाही गिळली.

तुझा पत्ता ठाऊक नाही, म्हणून हे पत्र तव्याच्या पाकिटातच ठेवते. पण आज सकाळी जात्यावर तुझं नाव घातलं, चांगलं मोठ्यानं. शेजारच्या सत्यभामेनं विचारलं, "मंगली कोण वं, आजी?"

म्हटलं, "माझी बहीण. बस, आयकवते."

तुझ्या ओवीतली,
देवकाताई