गणपतीत टिकलेली वाफ

वाशी, सप्टेंबर १९९७

प्रिय सुयश,

मी जिंकले. हे आधी लिहिते. कुशल विचारणे मागाहून.

मे महिन्यात तू स्वीडनहून लिहिलेस की, जैवइंधनाला भवितव्य आहे ते तिकडच्या थंड देशांत, जिथे लाकडाच्या चिपांवर तापलेले पाणी नळांतून फिरून गावभर घरे उबदार ठेवते. आपल्याकडे उष्णता हवी कोणाला? भट्ट्यांचे आराखडे काढणाऱ्या तुझ्यासारख्या माणसाने इतके उथळ वाक्य लिहावे? वाशीत स्वेटर लागत नसेल, पण कापड रंगवायला वाफ लागते, औषधे सुकवायला गरम हवा लागते. त्यासाठी तळोज्याची धुराडी आज तेल जाळतात. उद्या कर्जतच्या भातगिरण्यांमागे कुजणारे तूस जाळतील. हे आता नुसते भाकीत राहिलेले नाही.

आमच्या रंगाईच्या कारखान्यात मी तुसावर चालणारा बॉयलर बसवला, तेव्हा मालकांनी एकच अट घातली: पावसाळा लागल्यापासून गणपती संपेपर्यंत वाफेचा दाब उतरता कामा नये. उतरला, तर माझा बॉयलर भंगारात आणि पुन्हा तेल. पावसाची मला धास्ती नव्हती. ओल्या तुसाचे ट्रक मी फाटकावरूनच परत पाठवले. त्यापायी कामगारांनी मला कोणते नाव ठेवले, ते तुला सांगणार नाही. पण तूस ओढणारे सगळे कोकणातले, आणि चतुर्थीला ते गावी जाणार म्हणजे जाणारच. व्यवस्थापक सयाजीराव भर बैठकीत म्हणाले, "मॅडम, तेल गणपतीला गावी जात नाही." सगळे हसले. विनोद बरा होता. माणूस सामान्य आहे.

तूस ओढायला याल का, असे मी शेजारच्या गावातल्या आगरी बायकांना विचारले. त्यांच्यातली गोजरा म्हणाली, "बाई, आमचा गनपती दीड दिसाचा हाय. इसर्जन झाला का मंग आमी मोकल्या."

म्हणजे प्रश्न उरला तो दीड दिवसाचा. बॉयलरचा अटेंडंट जागेवर होता. तूस ओढायला मी स्वतः पदर खोचून उभी राहिले. दुपारी सयाजीराव, बहुधा माझी फजिती पाहायला, आले. मी त्यांच्या हाती फावडे दिले. परीटघडीच्या सफारीत ते दोन्ही दिवस राबले, आणि त्यांचे काम अव्यवस्थित असले तरी दाबाचा काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोजरा आणि तिच्या जावा कपाळावरच्या गुलालासकट हजर झाल्या. तुसाने माखलेल्या सयाजीरावांना आपादमस्तक न्याहाळून ती म्हणाली, "सायेब, आता तुमी जा गावाला." या वेळी हसण्यात मीही होते.

गणपती संपल्यावरच्या सोमवारी क्रेनने तेलाचा बर्नर उचलून बाहेर ठेवला. मालकांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले; मला गोड आवडत नाही, हे तू जाणतोसच.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. लग्न करून मी तिकडे यावे, असे तू विचारलेस. मी येणार नाही. आणखी दोन कारखान्यांनी असेच बॉयलर मागितले आहेत, आणि भट्टीत तूस ज्यावर जळते त्या जाळीचे जितके आराखडे माझ्यापुढे आले तितके मी नाकारले. प्रत्येक वेळी मी त्यात तुझ्या हातची रेघ शोधत होते. मला दुसऱ्या कोणाची रेघ पटत नाही, आणि दुसऱ्या कोणाची सोबतही. तू ये.

अजूनही तुझीच,
जयमाला