रिकाम्या खुर्चीसमोर तीन तास

३ सप्टेंबर
परदेशातला पहिला तास. प्राध्यापिकाबाई कडक आहेत. प्रत्येकानं म्युझियममधलं एकच चित्र निवडायचं, दर गुरुवारी त्याच्यासमोर तीन तास बसायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. पुस्तक नाही, फोन नाही. सत्राच्या शेवटी चित्रासमोर उभं राहून वीस मिनिटं बोलायचं. पास झालो की घरी कॉलेजात कलासमीक्षेची नोकरी पक्की. नाहीतर परत मेव्हण्याचं टाइल्सचं दुकान. अर्थात तो प्रश्नच येत नाही.

१० सप्टेंबर
चित्र निवडलं. खिडकीपाशी एक बाई, शेजारी रिकामी खुर्ची. समोरच्या बाकाला टेकायला पाठ आहे, पण ते एकमेव कारण नव्हे. बाकीची नंतर लिहीन.
दिसलं ते: बाई, खिडकी, खुर्ची. अकरा मिनिटं लागली. उरलेला वेळ चिंतन. पहारेकरणीनं दोनदा जागं केलं.

१७ सप्टेंबर
नुसतं बघून काय कळणार? आजपासून या चित्रकारावरचा ग्रंथ जाकिटाच्या आत. पाया पक्का झाला की बघायला सुरुवात, बहुधा पुढच्या गुरुवारी. पान ८४ वर खुलासा सापडला: खुर्ची म्हणजे अनुपस्थिती. हे मला नुसतं बघून सात जन्मांत कळलं नसतं.

१ ऑक्टोबर
बायकोला चित्राचा फोटो पाठवला. बाईचा झगा कुठल्या रंगाचा, विचारत होती, तिच्या फोनवर काळाच दिसतो म्हणे. मी म्हणालो, रंग हा प्राथमिक प्रश्न, आम्ही त्याच्या पुढे गेलोय. खरं म्हणजे आठवेना.

२२ ऑक्टोबर
आज चित्र एकदम उजळ वाटलं. बाईही अंगानं जरा भरलेली. नजर तयार होते ती अशी. दाराशी कसलीशी नोटीस होती, वाचली नाही. लेख बावीस पानांवर गेलाय.

१२ नोव्हेंबर
कडाक्याची थंडी. खोलीतच बसून, डोळे मिटून चित्र पाहिलं. जास्त स्पष्ट दिसलं.

३ डिसेंबर
सादरीकरण. चित्राकडे पाठ, श्रोत्यांकडे तोंड, हातात कागद नाही. खुर्चीच्या रितेपणावर सतरा मिनिटं बोललो. सगळे टक लावून माझ्या मागे बघत होते. मग प्राध्यापिकाबाईंनी शांतपणे विचारलं, खुर्चीत बसलेल्या गृहस्थांचं काय.
वळून पाहिलं. एक म्हातारा सफरचंद सोलत बसला होता. मी म्हणालो, तो असून नसल्यासारखा आहे.
पहारेकरणीनं खुलासा केला. माझं चित्र ऑक्टोबरातच साफसफाईला गेलंय, त्याच्या जागी त्याच चित्रकाराचं दुसरं टांगलंय. तशी नोटीस होती.

५ डिसेंबर
नापास. बायकोला सांगितलं, चित्र त्यांनी बदललं, यात माझा काय दोष. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुझा तो फोटो परवा मुलीच्या लॅपटॉपवर मोठा करून बघितला. खुर्चीच्या पाठीवर पुरुषाचा कोट टाकलाय, माणूस आत हात धुवायला गेला असेल. हे तुझ्या लेखात असेलच ना, असंही म्हणाली.
मी हो म्हणालो.
मग मीही फोटो मोठा केला. कोट आहे. तपकिरी. एक बाही उसवलीय, आणि बाईच्या हातात सुई आहे. सहा गुरुवार मी तिच्यासमोर बसलो होतो. फार लाज वाटली.
मेव्हण्याला मेसेज केला. सोळा तारखेपासून ये म्हणाला.