एका घरातली दोन ताटं

मी, श्रीमती आम्रपाली पोपट ओव्हाळ, वय ६३, निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार गुलटेकडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. नसती तर बरं झालं असतं. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला कोणी फारसं येतही नाही.

१. माझे पती पोपट ओव्हाळ २०१५ साली वारले. मला दोन अपत्ये : मुलगा सौरभ, मयत, आणि विवाहित मुलगी शेफाली, वय ३४.

२. गुलटेकडीचा राहता फ्लॅट माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तो मी शेफालीला देते. कारण लिहिणं कायद्याला लागत नाही, मला लागतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आईवडील खडी फोडायला जात, धाकटा भाऊ माझ्या कडेवर असे. तो उपासमारीनं माझ्या कडेवरच गेला. पुढे सौरभ जन्मला तो पावणेदोन किलोचा. मी ठरवलं, हा पोरगा माझ्या घरात उपाशी राहणार नाही. तो "पुरे" म्हणाला तरी मी ऐकत नसे. रडला की बिस्किटं, पास झाला की श्रीखंड, नापास झाला की समजूत काढायला वडापाव. पाचवीत तो छप्पन्न किलोचा झाला. शाळेच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, याला भूक म्हणजे काय ते जरा कळू द्या."

मी म्हणाले, "मला कळलीय तेवढी आमच्या सात पिढ्यांना पुरेल."

बाईंनी पुढच्या मुलाला हाक मारली. मला वाटलं, मी जिंकले.

पोपट एकदाच बोलले, "अगं, बास कर आता. पोराला जिना चढवत नाही." मी त्यांच्याशी आठ दिवस अबोला धरला. ते पुन्हा त्यावर बोलले नाहीत.

३. शेफालीला मात्र मी मोजून वाढलं. मुलगी जाड झाली तर स्थळं येणार नाहीत, असं कचेरीतल्या बायका म्हणायच्या आणि मला ते पटायचं. भावाला चौथी पोळी वाढताना तिचा हात मी डब्यावरून बाजूला केला आहे. एकदा नव्हे. पुढे पुढे ती जेवेनाशीच झाली. दहावीच्या गणिताच्या पेपरला बाकावरून कोसळली. दवाखान्यात मी विचारलं, "जेवली का नाहीस?"

"तुला तेच आवडतं म्हणून," ती म्हणाली.

४. सौरभला बाविसाव्या वर्षी मधुमेह निघाला. तिसाव्या वर्षी डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. लग्न जमलं नाही. मार्च २०२२ मध्ये तो रुग्णालयात हृदयविकारानं गेला. आदल्या दिवशी म्हणाला होता, "आई, शिरा आण ना थोडा." मी पदराखाली डबा लपवून नेला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, त्या शिऱ्यानं तो गेलेला नाही. तेवढं मलाही कळतं. तो लहानपणापासूनच जात होता, माझ्या हातून, रोज दोन्ही वेळेला.

५. माझे दीर रविराज यांना काहीही देऊ नये. दर रविवारी जिलेबी आणून ते म्हणायचे, "वहिनी, खाणारा गडी आहे, खाऊ द्या." आणि तोच गडी समोरून गेला की "हत्ती आला" म्हणून हसायचे. त्याला खांदा द्यायच्या दिवशी त्यांची कंबर दुखत होती. ती अजून दुखत असावी.

६. मोठी पातेली व कढया विहाराच्या स्वयंपाकघरात द्याव्यात. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला जेवण ठेवावं, पण आग्रह कोणालाही करू नये.

७. बँकेतील ठेवी शेफालीचा मुलगा समर्थ, वय ७, याच्या शिक्षणासाठी. गेल्या मे महिन्यात तो माझ्याकडे जेवायला बसला होता. अर्धी भाकरी ताटात ठेवून म्हणाला, "आजी, पोट भरलं." माझा हात त्या भाकरीकडे गेला. तुकडा मोडून मी त्याच्या तोंडापर्यंत नेला. शेफाली दारात उभी होती.

"समर्थ, हात धू. निघायचंय," एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून ते येतात, पण जेवून येतात.

८. या कागदाचा कच्चा मसुदा मी गेल्या रविवारी शेफालीला दाखवला. तिनं उभ्यानंच दोनदा वाचला. मग म्हणाली, "घर घेईन मी. समर्थला उपयोगी पडेल." चप्पल घालता घालता थांबली. "पण आई, मी तुला माफ केलं, असं यात कुठंही लिहू नकोस."

लिहिलेलं नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वरील मजकूर पुन्हा वाचून, खरा असल्याची खात्री करून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

(सही) आम्रपाली पोपट ओव्हाळ

साक्षीदार :
१. (सही) गोपाळकृष्ण वामन दामले, शेजारी
२. (सही) डॉ. तेजस अरुण शिरोळे. लिहून देणार यांना मी आज तपासले असून त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

स्थळ : पुणे
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५